खाट अकरा

तेरा भोकं मोजली मी, डावा-उजवा हात मिळून.
चौदावं माझं.
सांगली सिव्हिल, बायकांचा वॉर्ड,
रात्रीचे दोन दहा.
रबरी पट्टी आवळली, मनगटावर टिचक्या मारल्या,
मूठ मिटा, सोडा, परत मिटा.
शीर वर आली, क्षणभर थांबली,
आणि सुई टेकताच सरकली बाजूला,
उधारीवाला समोर दिसला की
माणूस बोळात वळतो, तशी.

मालन वाघमोडे
बावीस वर्षं मार्केट यार्डात हळद निवडतात.
तळवे, नखं, कोपराच्या घड्या,
स्पिरिटनं तीनदा पुसलं तर कापूस पिवळा झाला.
अशा कातडीखाली निळं असेल ते हिरवट दिसतं,
आणि आज तर हिरवटही दिसत नाही.
शुगर. ताप. पायाला चिघळलेली जखम.
इंजेक्शन चौदा दिवस, दिवसातून तीनदा.
बेचाळीस, मी मनात म्हटलं,
आणि पुढचा हिशेब केला नाही.

अठरा नंबर हिरवा, वीस गुलाबी, बावीस निळा.
चोवीस सगळ्यात बारीक,
बाळांचा आणि म्हाताऱ्यांचा, आणि तो पिवळा.
परवा त्यांच्या मनगटावर चिकटवला
तेव्हा हात कुठं संपतो नि प्लास्टिक कुठं सुरू होतं
ते बोटानं चाचपून बघावं लागलं.
दीड दिवस टिकला.
मग हात सुजला, पाणी भरलेल्या हातमोज्यासारखा.

सकाळी डॉक्टर शिकलगार मशीन ढकलत आले.
त्याचं एक चाक गेले सहा महिने रडतंय.
मानेतून लाईन टाकू या का, सिस्टर?
म्हटलं, प्रेशरची औषधं चालू आहेत का? नाहीत.
मग उंदरासाठी भिंत कशाला पाडायची?
पिक लाईन?
दंडातून शिरते ती थेट काळजाच्या उंबऱ्यापर्यंत.
महिना-दोन महिने चालते, पण एक्स-रे, गुठळीची धास्ती,
आणि किंमत ऐकून त्यांचा मुलगा
खिडकीतून स्कूटर स्टँड बघायला लागला.
पोर्ट तर केमोवाल्यांचा,
कातडीखाली पुरलेला बंदा रुपया.
राहिली मिडलाईन.
दंडात शिरते, बगलेपाशी थांबते.
चौदा दिवसांना पुरते.
वेळेवर थांबणारं काहीही मला आवडतं.

"माजं बी इचारा की," मालनबाई म्हणाल्या.
आम्ही दोघंही गप्प.
"कुठल्या नळीनं हात डोस्क्यापत्तूर जातोय?
पाच दिस झालं, केसं इंचरली न्हाईत."
शिकलगारांनी माझ्याकडं पाहिलं.
सहा वर्षं शिकून झाली होती त्यांची,
हा प्रश्न कुठल्याच पेपरात आलेला नव्हता.

डाव्या दंडावर थंडगार जेल.
पडद्यावर राखाडी धुकं, त्यात दोन काळी वर्तुळं.
दाबलं की चपटी होते ती शीर.
दाबूनही उडत राहते ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही.
मालनबाई मान उचलून बघत होत्या.
"आमाला हळकुंड मोडावं लागतंय.
मोडल्याबिगर आतला रंग कळत न्हाई.
तुमी न मोडताच बगताय व्हय?"

आता बघतोय, मावशी.
कालपर्यंत मोडतच होतो.

सुई तिरकी गेली, वर्तुळात पांढरा ठिपका उगवला,
नळीत रक्त आलं, गडद, घाई नसलेलं.

चार्टवर लिहिलं: डावा दंड, मिडलाईन,
दिवस पहिला. प्रयत्न एक.
आधीच्या चौदांना रकाना नव्हता,
ते समासात लिहिले, पेन्सिलीनं.

ड्यूटी संपवून निघाले तेव्हा
त्या खाटेवर उठून बसल्या होत्या.
डावा हात वर, कोपर मोकळं,
आणि दातात धरलेली लाल रिबीन.